भरतीचा फुगवटा

माझ्या सासूबाईंनी, अरुंधतीबाईंनी, या वेळी संकष्टीलाच वेठीला धरलं. माझ्या नवऱ्याला, विश्वजीतला, बढती मिळाली होती, पण बडोद्याला. उद्या होकार की नकार, ते कळवायचं होतं. "विश्वजीत नकार कळवणार असेल, तरच मी उपास सोडीन," असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं. त्याच्या आधीच्या दोन बदल्या अशाच मोडल्या होत्या. मला मात्र सुकापूरच्या या फ्लॅटमधून, त्यांच्या नजरेखालून बाहेर पडायचं होतं.

चंद्रोदयाची वाट बघत आम्ही दोघी गच्चीवर उभ्या होतो. विश्वजीत अजून ऑफिसातून यायचा होता.

"चंद्रसुद्धा दर वर्षी लांब जातोय म्हणे," त्या म्हणाल्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. "त्यालाही कुणीतरी फितवलं असेल."

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते.

"फितवत कुणी नाही, आई. पृथ्वीच ढकलते. भरती चंद्रामुळे येते, पण पृथ्वी इतक्या घाईनं फिरते, की भरतीचा फुगवटा फरफटत चंद्राच्या पुढे नेते. तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो आणि चंद्र बाहेर सरकत जातो. वर्षाला नखं वाढतात तेवढा. त्यात पृथ्वीचाही वेग कमी होतो. तुम्ही फरफटत नेता, म्हणून विश्वजीत लांब पळतो ना, तसंच."

"आणि पृथ्वीनं घाई सोडली तर?"

"तर चंद्र राहील आहे तिथंच," मी फटकन म्हणाले. त्यांना गप्प केल्याचा आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू.

चंद्र दिसला. त्यांनी अर्घ्य दिलं, खाली आल्या आणि स्वतःच पान वाढून घेऊन जेवायला बसल्या. विश्वजीत दारातून आला, तो आईला जेवताना बघून बुटांसकट थबकला.

"आई, माझं अजून काही ठरलेलं नाही."

"ठरव की. जा बडोद्याला," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी काळजी करू नकोस."

रडणं नाही, छातीवर हात नाही. एवढी वर्षं तो या बाईपासून सुटायला धडपडत होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो खुर्ची ओढून आईजवळ बसला.

"तू एकटी कशी राहशील? मी नाही म्हणून कळवतो."

सासूबाईंनी मोदकावर तूप घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नीता, याचं पान वाढ."