पुतळाबाईचं फुप्फुस

पुतळाबाई तिसऱ्यांदा आडवी झाली ती चिमीच्या लग्नात, ऐन हळदीत. पुतळाबाई धवलारीण होती. कुळगावात लग्न लागायचं ते धवलारणीच्या गळ्यातून. ती धवले गायची तेव्हा देव मांडवात यायचे, हळद लागायची आणि नवरानवरी एकमेकांची व्हायची. गावाचा शिरस्ता असा, की जिने धवला सुरू केला तिनेच तो संपवायचा. मध्येच दुसरीने उचलला तर लग्न भलतीकडेच लागतं, असं जुनी माणसं सांगत. भलतीकडे म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नसे.

त्यामुळे चिमी आणि अनंता अर्ध्यातच राहिले. हळद लागलेली, लग्न न लागलेलं. धुवायचीही सोय नाही. दोघं पिवळी होऊन आपापल्या घरी बसली. अनंता अंबरनाथला कारखान्यात होता. तो तसाच कामावर गेला, तर मुकादमाने कावीळ समजून त्याला फाटकातूनच परत पाठवला.

पुतळाबाईचा नवरा बुधाजी याला या कशाचं सुतक नव्हतं. त्याने बायकोला बैलगाडीत घातली आणि उल्हासनगर कॅम्पातल्या बराकीत डॉक्टर गिडवानींचा दवाखाना होता तिथे नेली. घरात तिचा आवाज नसला की बुधाजीला आपलंच घर परकं वाटे.

"तांदळाची पापडी तळताना फोड येतात ना?" डॉक्टर म्हणाले. "तसे हिच्या फुप्फुसावर आहेत. फोड फुटला की हवा छातीत जाते आणि फुप्फुस पडतं. दोनदा हवा काढली, परत पडलं. अब पावडर डालेंगे."

"तोंडाला?" बुधाजीने विचारलं.

"अंदर, बाबा! फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मध्ये. तिथे जळजळेल, आणि दोघं एकमेकांना चिकटून बसतील. चिकटलेलं पडत नाही."

हे बुधाजीला पटलं. भिंतीला गिलावा असाच धरतो.

डॉक्टरांनी पावडर घातली. पुतळाबाईच्या कुशीतून एक रबरी नळी निघाली आणि खाटेखालच्या काचेच्या बाटलीतल्या पाण्यात बुडाली. छातीतली हवा तिथे बुडबुड करून बाहेर पडे. "बाटली छातीच्या वर गेली तर पाणी उलटं आत शिरेल," डॉक्टरांनी बजावलं. बुधाजीला ते इतकं समजलं, की तो बाटलीशेजारी जमिनीवर बसला आणि उठेना.

पण पुतळाबाई श्वास घेईना. घेई तो चिमणीएवढा.

"माई, लंबी सांस. खोका जोरात. फुप्फुस फुगून भिंतीला टेकलंच नाही तर चिकटणार कसं? चौथ्यांदा पडलं तर वाचवता येईल असं मी सांगत नाही."

"दुखतंय," पुतळाबाई म्हणाली. "तुमीच खोका. डाक्टर हाव, येत आसंल तुमाला."

डॉक्टर खोकून दाखवू लागले. त्यांचं बघून कंपाउंडर खोकला, मग सगळी बराक खोकली. पुतळाबाई तेवढी गप्प.

बुधाजी पहिल्यांदाच बाटलीपासून उठला. तो डॉक्टरांच्या मागे व्हरांड्यात गेला. "सायेब, ती खोकणार नाय. तिचं एक लगीन आर्धं हाय. गायली तर चालंल?"

"चालेल? दौडेगा!"

दुसऱ्या दिवशी कुळगावचं वऱ्हाड बराकीत शिरलं. पिवळी चिमी आणि पिवळा अनंता खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले. पुतळाबाईने दोघांकडे पाहिलं. "अगं बाय, अजून धुतली नाय?" असं म्हणत ती उशीला टेकून बसली. तिने दात आवळून लांब श्वास घेतला आणि सोडला होता तिथूनच धवला उचलला. बाटली खदखदायला लागली.

चिमीचा मामा हरिचंद्र याला तेवढ्यात बाटली दिसली. "धवलारणीचा श्वास जमिनीवर, पायाशी? आमच्या पोरीच्या लग्नाचा अपमान हाय यो!" म्हणत त्याने ती चौरंगावर ठेवायला उचलली.

बुधाजीने एका मुठीत नळी चिमटली, दुसऱ्या मुठीत मामाचं धोतर धरून खाली ओढलं. मामा बाटलीसकट जमिनीवर बसला, तशी बुधाजीने नळी सोडली.

"आता हलू नको मामा. यो मान तुझाच."

मान म्हटल्यावर मामा बाटली मांडीशी धरून ताठ बसला. तेवढ्यावरून चिमीचा काका रुसला. आपल्याला बाटली का नाही, म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

पुतळाबाईचा आवाज चढत गेला. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, पण ती थांबली नाही. बुडबुडे दाट झाले, मग विरळ झाले. मग एक आला. मग येईनाच.

"मेली!" मामा ओरडला. बायकांनी गळा काढला. बुधाजी बाटलीवर वाकला. पाणी गप्प होतं. त्याने काचेला कान लावला.

"अरे, माई तो गा रही है!" डॉक्टर गर्दीतून घुसत म्हणाले. खरंच गात होती, आणि मध्ये गळा काढणाऱ्या बायकांकडे रागाने बघत होती. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पुढून ऐकलं. "छेद बंद झाला. फुप्फुस पूर्ण फुगलंय. आता चिकटेल." तेवढ्यात धवला संपून अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या त्यांच्याच डोक्यावर.

वऱ्हाड गेलं. चिमी आणि अनंताने दवाखान्याच्या नळावरच हळद धुतली. बुधाजी मात्र अजून बाटलीकडेच बघत होता.

"अवो, मी हिकडं हाय," पुतळाबाई म्हणाली.

तो उठून खाटेवर बसला. म्हणाला, "आणखी एक म्हण."

"आता कुणाचं लगीन लावू?"

बुधाजीने पागोटं सारखं केलं. पुतळाबाईने त्याच्याकडे पाहिलं, कुशीवर हात दाबला आणि श्वास भरून घेतला.

"दुखत आसंल तर ऱ्हाऊ दे," तो घाईने म्हणाला.

"सरळ बसा," ती म्हणाली. "नवरदेवानं मधी बोलायचं नसतं."