अकराव्या झेंड्याची जागा

मित्रांनो, मी झेंडे उभे करणारा एक जुना सागवानी ठोकळा आहे. ठोकळा म्हटल्यावर तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा बापडे. पण दहा देश एका ओळीत, धक्काबुक्की न होता उभे करायचे म्हणजे काय काम असते, ते तुमच्या प्रार्थनेच्या रांगेकडे पाहून तुम्हालाच कळेल.

पुण्याच्या नारायण पेठेतली एक शाळा हे माझे घर. तिथे भूगोल शिकवणारे श्रीनिवास सर होते. त्यांनी १९९८ साली मुलांचे एक अभ्यास मंडळ काढले. आग्नेय आशियातल्या देशांचा एक संघ आहे, त्याला आसियान म्हणतात. त्या संघाची अभिरूप सभा मुलांनी दर शनिवारी भरवायची, एका मुलाने एका देशाच्या वतीने बोलायचे, असा सरांचा बेत. त्या सभेसाठी महिपती सुतारांनी मला घडवले. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांचे दुकान होते. एका जुन्या चौकटीच्या लाकडातून त्यांनी मला कापले, रंधा मारला, पॉलिश केले आणि माझ्या पाठीत ओळीने भोके पाडली. एकेका भोकात एकेका देशाचा झेंडा. मी टेबलावर विराजमान झालो की सभा सुरू होत असे.

काय दिवस होते ते! पाहुणे यायचे, माझ्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "वा! काम सुबक आहे." मुले आदबीने झेंडे लावायची. सभेचा नियम खऱ्या संघासारखाच होता. तिथे हात वर करून मते मोजत नाहीत. सगळ्यांचे एकमत झाले तरच ठराव होतो. एकजण जरी नाही म्हणाला, तरी गाडे अडते. त्यामुळे मुले एकमेकांना समजावत, चिडत, पुन्हा समजावत. मला त्यांचे भांडण फार आवडायचे.

मग सर निवृत्त झाले. पुढे करोनाची दोन वर्षे आली आणि मी खेळाच्या चटयांखाली अडगळीच्या खोलीत जाऊन पडलो. धूळ, कोळ्याची जाळी आणि शेजारी एक फुटका तबला. त्या दोन वर्षांत माझी चौकशी फक्त वाळवीने केली. शेवटी हेमाबाईंनी मंडळाची सूत्रे हाती घेतली. त्यांनी मला शोधून काढले, रॉकेलच्या बोळ्याने पुसले आणि म्हणाल्या, "अरे, हा अजून धडधाकट आहे की!" त्या शब्दांनी मला केवढे बळ आले म्हणून सांगू.

तर आता मुख्य गोष्ट. ही गेल्याच वर्षीची, म्हणजे २०२५ची.

मंडळाच्या कपाटावर एक पाटी होती. "मंडळात दहा जागा आहेत. अकरावी नाही. चौकशी करू नये." पुण्यातली पाटी, तिला उत्तर देण्याची कोणाची छाती? पण जून महिन्यात नववीत एक नवी मुलगी आली. राजनंदिनी तिचे नाव. यवतमाळकडचे कुटुंब. वडिलांना खडकीच्या कारखान्यात काम मिळाले म्हणून सगळे इकडे आले होते. तिने ती पाटी वाचली आणि सरळ हेमाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मले मंडळात याचं हाये."

मागे कोणीतरी खुदकन हसले. बाईंनी हसणाऱ्याकडे असे पाहिले की त्याचे हसू जागीच विरले. पण बाईंचाही नाइलाज होता. दहाही देश वाटून झाले होते आणि दहावीच्या मुलांना मंडळात घेत नसत. म्हणजे राजनंदिनीला हे एकच वर्ष होते.

बाईंनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "संघाच्या दाराशी एक देश चौदा वर्षं उभा आहे. तिमोर-लेस्ते. तुझा देश तो. खरा तिमोर निरीक्षक म्हणून बाहेर बसून ऐकतो, तसं तूही बाहेर बसायचंस. बोलायचं नाही. सप्टेंबरात त्याच्या प्रवेशावर आपण सभा घेऊ. दहाही देश हो म्हणाले, तर तो आत आणि तूही आत."

"आन नाही म्हणाले त?"

"तर नाही."

राजनंदिनी माझ्या उजव्या टोकाला, खिडकीजवळच्या बाकावर बसू लागली. तिने कागदाचा झेंडा रंगवून आणला होता. तांबडा रंग, त्यावर पिवळा आणि काळा त्रिकोण, काळ्यात पांढरी चांदणी. माझ्यात जागा नव्हती, म्हणून तिने त्याची काडी खोडरबरात खुपसून तो बाकावर ठेवला. पंखा लावला की तो पडायचा. ती उचलून ठेवायची. पुन्हा पडायचा. तीन महिने हेच चालले. कंटाळली की ती मंडळाची जुनी इतिवृत्ते वाचत बसे किंवा माझ्याकडे टक लावून पाही. मला तिची दया येत असे, पण तेवढीच. खरे सांगायचे तर माझ्यात अकरावे भोक पडावे, असे मला मुळीच वाटत नव्हते. दहा म्हणजे कसे, पूर्ण वाटते!

सप्टेंबरातल्या त्या सभेचा दिवस उजाडला. सभेची अध्यक्ष होती ओवी, अतिशय शिस्तीची मुलगी. तिने एकेका देशाला विचारायला सुरुवात केली. वाद जोरात झाला. कोणी म्हणाले, तिमोरची सगळी लोकसंख्या पुणे शहराच्या निम्म्याहून कमी, तो संघाला काय देणार? दुसरा म्हणाला, संघाच्या वर्षाला हजारावर बैठका होतात, त्यांना पाठवायला या देशाकडे माणसे तरी आहेत का? राजनंदिनीला त्या दिवशी बोलण्याची मुभा होती. ती उठली आणि एकेकाला शांतपणे उत्तर देत गेली. छोटा देश म्हणता, तर ब्रुनेई त्याच्याहूनही छोटा आहे. माणसे तयार नाहीत म्हणता, तर बाहेर बसवून ती तयार कशी होणार? पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरायचे नाही, असे म्हणण्यासारखेच हे झाले. हळूहळू एकेक देश वळला. नऊ देश हो म्हणाले.

उरला कंबोडिया. खऱ्या कंबोडियाचे मत काय होते, तो भाग वेगळा. आमच्याकडे कंबोडिया होता आमोद, आणि आमोद सहजासहजी हो म्हणणाऱ्यांतला नव्हता.

"प्रॅक्टिकली शक्यच नाहीये, अध्यक्ष," तो म्हणाला. "या ठोकळ्याकडेच बघा ना. पहिल्या दिवसापासून दहा जागा आहेत. सिस्टिम दहासाठी डिझाइन केलीये. मध्येच अकरावं भोक पाडलं, तर ठोकळा फुटेल. मग दहा पण जातील. सॉरी, पण माझी हरकत आहे."

माझे नाव भर सभेत निघाले! मी फुलून गेलो. मनात म्हटले, शाब्बास रे पठ्ठ्या.

राजनंदिनीचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, टेबलापाशी आली आणि माझ्यावर ठेवली.

"अध्यक्ष, पहिल्या नऊ झेंड्यांत दोन-दोन इंच अंतर आहे. शेवटच्या दोघांत दीडच. आणि ही शेवटची काडी काहून हालते?" भरात बोलताना तिची बोली पुन्हा डोकावली, पण या वेळी कोणी हसले नाही. तिने कंबोडियाच्या झेंड्याला बोट लावले. तो डुगडुगला. "जून १९९९चं इतिवृत्त वाचता का?"

ओवीने कपाटातून जुनी वही काढली आणि श्रीनिवास सरांचे अक्षर मोठ्याने वाचले. "कंबोडियाला संघात प्रवेश मिळाला. महिपती सुतारांकडून दहावे भोक पाडून घेतले. 'एवढ्यात जागा होते का?' असे ते विचारत होते. जागा होत नसते, करावी लागते, असे त्यांना सांगितले."



मित्रांनो, आता तुमच्यापासून काय लपवू? मला नऊच भोके होती. संघात तेव्हा नऊच देश होते. दहावे भोक पाडले त्या दिवशी मी केवढा आक्रोश केला होता! आता मी फुटणार, माझी शोभा गेली, असे मला वाटले होते. मी काही फुटलो नाही. उलट पुढची पंचवीस वर्षे दहा झेंड्यांच्या जिवावर मिरवलो आणि आपण जन्मापासूनच दहाचे आहोत, अशी स्वतःची समजूत करून घेतली. बसमध्ये शेवटी चढलेला माणूसच "पुढे जागा नाही" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडतो ना, तशातली गत. मला माझीच लाज वाटली.

आमोदचे कान लाल झाले होते. त्याने आपल्या डुगडुगत्या झेंड्याकडे पाहिले, मग राजनंदिनीकडे.

"तू हे सगळं वाचलंस? इतक्या वर्षांच्या वह्या?"

"बोलायची परवानगी नव्हती. मग काय करणार?"

आमोद हसला. "कंबोडिया हरकत मागे घेतो," तो म्हणाला. "फक्त या वेळी भोक नीट मापात पाडा म्हणावं."

ओवीने टेबलावर हात आपटून ठराव संमत झाल्याचे जाहीर केले आणि एकच जल्लोष झाला. मुलांनी बाके बडवली. शेजारच्या वर्गातले सर काय झाले म्हणून धावत आले आणि टाळ्या वाजवून गेले. हेमाबाईंनी उठून आपल्या हाताने कपाटावरची पाटी उतरवली.

पुढच्या शनिवारी महिपती सुतार स्वतः आले. आता पंचाहत्तरीचे, पण हात तोच. त्यांनी मला मांडीवर घेतले, उलटेसुलटे पाहिले.

"आजोबा, फुटणार तर नाही ना?" राजनंदिनीने विचारले.

"फुटतंय कशाला? सागवान हाय ते," ते म्हणाले. "दहाव्या टायमाला गिरमिट जरा मोठं लागलं, चूक माझीच व्हती. ते बी बुजवून नीट करतो."

त्यांनी डाव्या टोकाला, कडेला उरलेल्या दीड इंचात, पेन्सिलीने खूण केली. भोक पाडायच्या गिरमिटाला मेण लावले आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. दुखले, खोटे कशाला बोलू? पण भुसा फुंकून त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि राजनंदिनीने काडी त्या भोकात रोवली, तेव्हा पंखा पाचावर फिरत होता आणि झेंडा ताठ उभा होता. अकरा झेंडे! इतका देखणा मी आयुष्यात कधी दिसलो नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत बातमी आली. ऑक्टोबरच्या अखेरीस क्वालालंपूरला खऱ्या संघाने तिमोर-लेस्तेला अकरावा सदस्य करून घेतले. आमचे पाहून घेतले, असा माझा दावा नाही. पण आमचा ठराव सप्टेंबरातला आहे, एवढे नोंदवून ठेवा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सभेत राजनंदिनी अकराव्या खुर्चीवर बसली. विषय होता जंगलातल्या वणव्यांचा. त्यांचा धूर शेजारच्या देशांत पसरतो. आमोदने ठराव मांडला, की ज्याच्या जंगलात आग लागेल, त्यानेच ती विझवावी. दहा देशांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत सभा आटोपणार, मुले घरी पळणार, असा रंग होता.

"तिमोर-लेस्तेला हे मान्य नाही," राजनंदिनी म्हणाली. "शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर आपण खिडक्या लावून बसायचं का?"

झाले! एकजण नाही म्हणाला की गाडे अडते. सभा तासभर लांबली. वाद झाला, नकाशे निघाले, ठराव खोडून पुन्हा लिहिला गेला आणि आधीपेक्षा कितीतरी चांगला झाला.

"बाई," आमोद कपाळाला हात लावून म्हणाला, "हिला आत घेतलं कोणी?"

"तूच की," राजनंदिनी म्हणाली, आणि सगळ्यात आधी आमोदच हसत सुटला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मला पुसा, ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा पॉलिश करा. पण शोभा जाईल म्हणून मला जपू नका. जगाच्या नकाशात असे आणखी कोणी दाराशी उभे असेल, तर बिनधास्त गिरमिट घेऊन या. मी थोडा कुरकुरेन. तिकडे लक्ष देऊ नका.