आबासाहेबांचा नवा राघू

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं, तरी वालूरच्या आबासाहेबांचा म्हातारा राघू येणाऱ्याजाणाऱ्याला "सलाम हुजूर" म्हणतच होता. आबासाहेबांनी स्वतः एका रात्रीत टोपी बदलली होती. राघूला कोण समजावणार? पिंजरा गोठ्यात गेला आणि लिंबाजी धनगराला बोलावणं आलं.

"'जय हिंद' म्हणणारा राघू पोसून दे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या सगळ्या रानात मेंढ्या बसव."

एवढं रान मिळालं तर उन्हाळाभर चाऱ्यासाठी गावोगाव हिंडणं टळणार होतं. "मालक, आयेविना कोकरं जगविणारा माणूस मी. राघू म्हंजे हिरवं कोकरूच की!"

लिंबाच्या ढोलीतलं उघडंबोडकं पिल्लू घरी आलं. लिंबाजीनं शेळीच्या दुधात चिंधी बुडवली. बायको कासाबाईनं ती हिसकावून घेतली. "पाखराला कुटं थान असतंय का?" मग हरभऱ्याची भिजवलेली डाळ वाटून, कोमट करून, पानाच्या पन्हाळीतून भरवणं सुरू झालं. गळ्याखालची पिशवी टम्म फुगली तरी पिल्लू चोच मिटायचं नाही.

पोरक्या कोकराला गावातल्या बड्या असामीचं नाव दिलं की ते जगतं, अशी लिंबाजीच्या घरची रीत. पोलीस पाटील आणि जुने तहसीलदार अजून कळपात चरत होते. या पिल्लाचं नाव तर ठरवावंही लागलं नाही.

"आबासाब, आ करा! पुरे आता, लय खाल्लं!"

"आवं, ते ऐकायलंय," कासाबाई म्हणाली.

"ऐकू दे. 'जय हिंद' बी शिकवायलोयच की."

उन्हाळ्यात नवे डेप्युटीसाहेब आबासाहेबांकडं मुक्कामाला आले. ओसरीवर नव्या राघूचा पिंजरा टांगला. राघू गप्प.

"डाळ दाखवा, मालक," लिंबाजी बिनघोर म्हणाला.

आबासाहेबांनी डाळ पुढं केली. राघूनं मान वाकडी केली. "जय हिंद!"

साहेब खूश झाले. आबासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. राघूनं डाळ मटकावली आणि खणखणीत आवाजात पुढचं म्हटलं, "आबासाब, पुरे आता! लय खाल्लं!"

साहेबांचा शिपाई आढ्याकडं बघू लागला. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

"घेऊन जा हे!" आबासाहेब ओरडले.

"नेतो की. आन् रान, मालक? 'जय हिंद' म्हनला का न्हाई?"

"म्हणाला," साहेब रुमालाआडून म्हणाले. "मी ऐकलं."

त्या उन्हाळ्यात लिंबाजीच्या मेंढ्या आबासाहेबांच्या रानात बसल्या. राघू त्याच्या खांद्यावर. आबासाहेब तिकडं फिरकले नाहीत. ओसरीवर गोठ्यातला पिंजरा परत आला. म्हातारा राघू काहीही म्हणो, निदान अदबीनं बोलत होता.