उपाशीपोटीच्या दोन गोळ्या

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा त्रिशला आदितीची वेणी घालत होती. एका हातात रिबीन, दुसऱ्या हातात फोन. आकड्याशेजारी लॅबवाल्यांनी ठळक काळा बाण काढला होता, वर तोंड केलेला. नऊ पॉइंट सहा.

"आई, दुखतंय की!" आदिती ओरडली. नकळत पेड आवळला गेला होता.

त्रिशलाला सातवा आठवडा लागला होता. दोन वर्षांपूर्वी असंच एक बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं, आणि नंतरच्या तपासण्यांत कळलं की तिचं थायरॉईड मंद चालतं. तेव्हापासून त्यावरची मसुराच्या दाण्याएवढी पांढरी गोळी तिनं एक दिवस चुकवली नव्हती. गौरी-गणपतीच्या आधी हीच तपासणी केली तेव्हा दोन पॉइंट एक आलं होतं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या, आता खुशाल चान्स घ्या. मग हे नऊ आलं कुठनं? रोज गिळलेल्या गोळ्या गेल्या कुठं?

दवाखान्यात संयोगिता मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"गोळी चुकते?"

"एकदाही नाही, मॅडम."

"घेता कधी?"

"सकाळी. उपाशीपोटी."

"दुसरं काही औषध चालू?"

"तुम्ही दिलेली फोलिकची गोळी. बाकी काही नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "डोस वाढवते. पण मला हे पटत नाही. उद्या घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. तुमच्या तोंडात जातं ते सगळं. चूर्ण, पाचक, काय असेल ते."

त्रिशला घरी आली ती हिशेब मांडतच. परवा गाडीवरनं जाताना खड्ड्यात आदळलो होतो, त्यानं असेल? आदितीला कडेवर घेऊन जिना चढले, त्यानं? गेल्या वेळीही असंच वाटत होतं सगळं ठीक, आणि एका सकाळी काहीच ठीक नव्हतं. पोळ्या लाटता लाटता तिचा हात सारखा पोटाकडं जात होता. तिथं अजून काही दिसत नव्हतं, की लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर तिनं भाजीची पिशवी उलटी केली. फोलिकची पट्टी, थायरॉईडची पट्टी, ओव्याची पुडी, सर्दीचा बाम. आणि आणखी एक पट्टी, अर्धी संपलेली.

"ही?"

"ती जळजळीची. ती काय औषधात धरायची, मॅडम? आमच्यात सगळेच खातात. ह्यांच्या खिशात तर कायम असते."

"तुम्ही किती दिवस घेताय?"

"गणपतीपासनं. छातीत फार आग व्हायची. रोज घेतली की बरं वाटतंय."

"दिवसातनं केव्हा?"

"सकाळी. उपाशीपोटी."

मॅडमनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या पाठीवर मेडिकलवाल्या अमरसिंहनं निळ्या पेनानं एकच लिहिलं होतं: सकाळी उपाशीपोटी.

"म्हणून मी दोन्ही एकदमच घेते," त्रिशला म्हणाली. "एका घोटात." 

"थायरॉईडची गोळी नीट विरघळून अंगाला लागायला पोटात आम्ल लागतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जळजळीची गोळी ते आम्लच कमी करते. तेही तासाभरापुरतं नाही, दिवसभर. तुम्ही गोळी चुकवली नाहीत, पण ती पूर्ण पोचलीच नाही."

"बाळाला…"

"बाळाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नाही. सध्या ते तुमच्याकडनंच घेतंय. म्हणून घाई. घाबरायचं नाही, पण दिवस घालवायचे नाहीत. जळजळीची गोळी आजपासनं बंद. फारच झालं तर दुपारी हे पातळ औषध, थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास गेल्याशिवाय नाही. चार आठवड्यांनी परत रक्त. आणि गोळी घेतल्यावर खाता केव्हा?"

"लगेच. आठला गोळी, लागलीच नाश्ता. न्हाय खाल्लं तर उलटी होते."

"मग आठला नको, उठल्याउठल्या साडेपाचला घ्या. साध्या पाण्याबरोबर. पुढं तासभर पोटात काही नको."

त्रिशलानं पट्ट्या परत पिशवीत भरल्या. गोळी बंद करता येत होती, वेळ बदलता येत होती. पाण्याचं काय करायचं?

गेल्या पर्युषणात, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळा समाज जमला होता तेव्हा, आत्याबाईंनी तिला पुढं घालून नेम घ्यायला लावला होता: मूल मांडीवर येईपर्यंत देवाचं दर्शन झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, नवऱ्याची, चिरागची आई. त्यांचा स्वतःचा हा नेम तीस वर्षांचा. त्या दिवसापासून त्रिशलाची पहाटेची गोळी बस्तीतनं परत आल्यावर, आठला गेली आणि जळजळीच्या गोळीला जाऊन मिळाली. पुढं तीन महिन्यांत दिवस राहिले. "बघ," आत्याबाई म्हणाल्या होत्या, "नेमाला फळ आलं." त्रिशलानंही ते मनोमन मानलं होतं. आता पाणी प्यायलं आणि काही झालं तर? नाही प्यायलं आणि काही झालं तर?

संध्याकाळी चिराग पाईपांच्या दुकानातनं आला तेव्हा तिनं त्याला जिन्यातच गाठलं.

"तुम्ही सांगा की आत्याबाईंना. आई तुमची हाय."

"मी सांगितलं तर म्हणंल, बायकोनं पढवून पाठवलंय." चिरागनं अंगावरची धूळ झटकली. "तू सांग. तुझं ऐकती ती."

"माझं? परवा वरणात हिंग जास्त पडला तर दोन दिवस बोलत होत्या."

"त्या हिंगासाठी मला पण बोलली. मी तर दुकानात होतो."

हसू आलं दोघांना, आणि विषय तिथंच राहिला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. आत्याबाई पाणी फडक्यानं गाळत होत्या. त्रिशला दोनदा त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा भांडी पुसून परत आली.

मग तिनं स्वतःपुरती एक वाट काढली. इवलीशी तर गोळी. पाण्याशिवाय गिळायची. नेमही राहील, गोळीही पोचेल.

पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात दिवा न लावता तिनं गोळी जिभेवर ठेवली. थंडीनं तोंड कोरडं पडलं होतं. आवंढा गिळला, हलेना. दुसरा गिळला. गोळी घशात आडवी बसली आणि तिला असा ठसका लागला की भिंतीला धरून ती खाली बसली. डोळ्यांत पाणी, श्वास घेता येईना.

आत्याबाई जपमाळ हातात घेऊनच धावत आल्या. "अगं काय झालं? काय खाल्लंस?" दिवा लागला. पाठीत थापट्या बसल्या. आणि पुढच्या क्षणी त्रिशलाच्या ओठांना तांब्या लागला.

"पी. पी म्हणते ना!"

ती प्यायली. घटाघटा प्यायली. गोळी खाली गेली तेव्हा तिला कळलं काय झालं ते, आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

"आत्याबाई, नेम मोडला."

"आधी श्वास घे."

"माझं बाळ…"

"श्वास घे म्हणते की!" आत्याबाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "आता सांग. अंधारात काय गिळत होतीस?"

त्रिशलानं सगळं सांगितलं. नऊ पॉइंट सहा, दोन पट्ट्या, निळं पेन, साडेपाच, साधं पाणी. आत्याबाई मणी न सरकवता ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "आधी ही गोळी केव्हा घेत होतीस? नेमाच्या आधी?"

"उठल्याउठल्या."

आत्याबाईंनी हातातली माळ खाली ठेवली. तांब्यात उरलेल्या पाण्याकडं बघत बसल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देवापुढं ठेवायच्या तांदळाची डबी घेतली आणि उजाडताच बस्तीत निघून गेल्या. नेहमी त्रिशलाला हाक मारायच्या. आज मारली नाही.

तो तास त्रिशलाला फार जड गेला. चुकलं की बरोबर झालं, हे विचारायलाही घरात कुणी जागं नव्हतं. तिनं आदितीच्या डब्यासाठी उप्पीट ढवळलं, घड्याळ बघितलं, परत ढवळलं.

आत्याबाई आल्या त्या कपाळाला गंध लावून, आणि थेट चुलीपाशी. "चहा ठेवलास? माझ्यात साखर घालू नकोस."

"का?"

"देवाला सांगून आले. पोरीला नेम मी घ्यायला लावला, पाणीपण मीच पाजलं. तिचं मूल तिच्याकडं राहू दे, तिच्या वाटचा नेम मी धरते. मूल मांडीवर येईपर्यंत साखर न्हाय, गूळ न्हाय."

"आत्याबाई, तुम्हाला बिनसाखरेचा चहा…"

"विष लागतोय, माहीत हाय मला. दे." त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप मांडीवर धरला. "आणि नुसतं गाळलेलं पाणी पहाटेपर्यंत चालत न्हाय, त्यात परत जीव होतात. संध्याकाळी उकळून झाकून ठेवत जाईन तुझ्या उशाशी. उकळलेलं चोवीस तास चालतं. चोरून कोरडं काय गिळायचं? मी काय वाघ हाय?"

दारातनं चिराग म्हणाला, "वाघ न्हाय, पण…"

"तू गप रे. खिशातली ती जळजळीची पट्टी काढ. डाक्टरला न विचारता ह्या घरात परत दिसली तर बघ."

चार आठवडे गेले. जळजळ परत आली होती, सकाळी छातीशी उशी धरून त्रिशला घड्याळात चार तास मोजायची. रोज पहाटे उशाशी झाकलेला तांब्या असायचा. रोज ती गोळी घ्यायची, मग सासूबरोबर बस्तीत जायची आणि देवापुढं काय मागायचं ते तिला सुचायचं नाही. फक्त, राहू दे, एवढंच.

रिपोर्ट आला तेव्हा ती परत आदितीची वेणी घालत होती. या वेळी तिनं आधी रिबीन बांधली. मग बघितलं. मग दवाखान्यात फोन लावला.

आत्याबाई कप घेऊन समोर बसल्या होत्या. "किती?"

"तीन पॉइंट आठ."

"म्हणजे?"

"खाली आलंय. पण मॅडम म्हणाल्या, अजून थोडं यायला पाहिजे. पुढच्या महिन्यात परत रक्त."

आत्याबाईंनी मान हलवली. ओट्यावर साखरेचा डबा उघडा होता. त्यांनी झाकण घट्ट लावलं, डबा भिंतीकडं सरकवला आणि तो कडू चहा एका दमात संपवला.