निळ्या डब्यातल्या गोळ्या

“आजोबा, बाटलीत खडू कित्या भरतंय, इचारा मां!”

मी घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होतो. अनुजा ही माझी नात. मुंबईला केमिकल इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेते. धामापूरला चार दिवस आली की एरवी झोपा काढते. या खेपेला मात्र सकाळपासून खडू फोडत बसली होती.

“कित्या भरतंस?”

“परीक्षेक सांगूचा आसा, ता तुमका सांगून बघतंय. तुमका कळला, तर सरांका पण कळात.”

“सर माझ्यापेक्षा ढ आसत?”

ती हसली. “खडू म्हणजे गोळ्यो. आगळ म्हणजे तेल.”

आता मला हसू आलं. गोळ्या मला शिकवते! मुंबईकडच्या कारखान्यात उंच लोखंडी नळकांड्यात गोळ्या भरण्यात माझी वीस वर्षं गेली. तेल आणि हायड्रोजन वायू त्या गोळ्यांमधून जातो. गोळ्या जागच्या हलत नाहीत, पण तेल वेगळं होऊन बाहेर पडतं. भरायचं काम हाताचं. सुपातून धान्य उतरावं तशी एका लयीत गोळी सोडायची, कुठे पोकळी राहू द्यायची नाही.

अनुजाने कोकमाचं आगळ वरून बारीक धारेने सोडलं. लाल धारेला एक वाट सापडली आणि ती त्याच वाटेने खाली गेली. बाटली कापून बघितली, तर निम्मे खडू पांढरेच. दुसऱ्या बाटलीत तिने नळी लावून तेच आगळ खालून चढवलं. हळूहळू वर आलं. सगळे खडू लाल.

“म्हणजे खालसूनच बरा?”

“सदाच नाय. वायू कमी आसलो, तर कोरडी जागाच बरी, वायू थेट गोळयेक लागता. पण वायू भरपूर आणि तेलाची धार बारीक आसली, तर कोरडी गोळी फुकट.”

माझा सोलांवरचा हात थांबला.

“आमच्याकडे तेल पयलां खालसूनच जाय,” मी म्हणालो. “मगे सायबान पायप वर नेल्यान. खालसून जोर झालो काय गोळ्यो उचलत, घासान पीठ होय.”

“मगे?”

“मगे माल बिघडलो.”

माझ्या बायकोशिवाय, यशोदेशिवाय, कोणाला न सांगितलेली गोष्ट मी नातीला सांगितली. त्या वर्षी गणपतीआधी गोळ्या मीच भरल्या होत्या. दिवाळीपर्यंत माल चांगला आला. दिवाळीनंतर पाइप फिरवले आणि पंधरा दिवसांत माल बिघडला. साहेबांनी मला बोलावलं. “डब्यावरचं लेबल वाचलं होतंस?” गोळ्या दोन जातींच्या, डबे दोन्ही निळे. मला वाचता येत नव्हतं. झाकणावरच्या खुणेवरून मी डबा ओळखत असे. साहेब म्हणाले, “चुकीच्या गोळ्या अशाच असतात. हळूहळू मरतात.”

गोळ्यांचं काम काढून घेऊन मला गेटवर बसवलं. मी मान खाली घालून बसलो, कारण माझी चूक नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. पन्नाशीत रखवालदाराच्या मुलीच्या पाटीवर अक्षरं गिरवली. निवृत्त होऊन घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. यशोदा म्हणे, “अवो, हळद पिवळी दिसता. ती कित्या वाचूक व्हयी?”

अनुजा ऐकत होती. मग म्हणाली, “त्यो गोळ्यो काढून दुसऱ्यो भरल्यानी?”

“नाय. सायबाची बदली झाली. नवीन इलो, तेणां पायप परत खालसून केल्यान. माल सुदारलो म्हणान गेटार ऐकलंय.”

“गोळ्यो त्योच?”

“त्योच.”

आगळाने लाल झालेले हात तिने तसेच अधांतरी धरले. “आजोबा, मेलेल्यो गोळ्यो जित्यो होतत काय खंय?”

पाइप फिरवले ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. माल सुधारला ते कानांनी ऐकलं होतं. नवा साहेब हुशार, एवढंच तेव्हा वाटलं. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं माझ्याजवळच होत्या, पण एकीशेजारी दुसरी ठेवून मी कधी पाहिली नव्हती.

“तुमचो हात बरो होतो,” अनुजा म्हणाली.

“तुझी आजी ह्याच म्हणी. पण तिका गोळ्यांतला काय कळा?”

“तिका तुमच्यातला कळा.”

तीन वर्षांपूर्वी यशोदा गेली; त्याआधी हे कळलं असतं तर तिला सांगता आलं असतं. म्हणाली असती, मेल्या सायबाक आधी गाळी घाला.

“च्या करतंय,” म्हणून मी उठलो. “तू तो पसारो आवर. खळा लाल केलंस सगळा.”

फळीवर डबे ओळीने होते. यशोदा गेल्यापासून चहा मीच करतो, आणि प्रत्येक डबा दोनदा वाचल्याशिवाय उघडत नाही. आधण आलं. साखरेच्या डब्याची चिठ्ठी भिंतीकडे गेली होती.

मी डबा फिरवला नाही. झाकण काढलं आणि दोन चमचे टाकले.