ओळंब्याची खोटी साक्ष

गवंडी भिंतीपाशी दोरीला बांधून ज्याला खाली सोडतो ना, तो मी. ओळंबा. अंगानं पितळी, आकारानं भोवऱ्यासारखा. माझ्या दोरीत एक लाकडी ठोकळा असतो, बरोबर माझ्याच जाडीचा. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. लांब राहिलो किंवा भिंतीवर रेलून बसलो, तर वाकडी. माझं शिक्षण एवढंच, पण त्यावर मी पन्नास वर्षं काढली.

वारूळवाडीच्या गेणू गवंड्यानं मला पहिल्या पगारातून जुन्नरच्या बाजारात घेतलं. तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात. "माणूस खोटं बोलंल, माझा ओळंबा न्हाई बोलणार," असं तो घरमालकांना छाती फुगवून सांगायचा. मलाही मोठा अभिमान वाटायचा. गवंडी स्वतः 'उद्या नक्की येतो' म्हणून आठवड्यानं उगवायचा, ही गोष्ट वेगळी.

पुढं गेणूचे गुडघे गेले. पोरगा सुदर्शन कॉन्ट्रॅक्टर झाला. पोरगं कामाला वाघ आणि मनानं चांगलं, पण त्यानं लेझरची मशीन आणली. बटण दाबलं की भिंतीवर लाल रेघ उमटते. मग मला कोण विचारतो? गेणूच्या बायकोनं, ठकूबाईनं, मला दाराच्या पडद्याला बांधून टाकलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा झेंडूचं फूल मशीनला, आणि मला उरलंसुरलं कुंकू. सहा वर्षं मी पडदा सांभाळत होतो.

गेल्या साली होळी झाली आणि सुदर्शनला भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून फोन आला. उज्ज्वला नावाच्या बाईचा. तिचं घर रस्त्याला लागूनच, दगडमातीचं, कौलारू. देवाला जाणाऱ्या लोकांना ती पुढच्या पडवीत पिठलं-भाकरी, इंद्रायणी भात करून वाढते. नवरा चाकणच्या कंपनीत, रविवारी घरी येतो. घराची दुरुस्ती पावसाळ्याच्या आत व्हायला हवी होती, कारण कौलं गळत होती आणि मागचा एक कोपरा खचला होता.

माणूस शोधता शोधता ती बिचारी मेटाकुटीला आली होती. एकानं घर न बघताच, फोनवर फोटो मागवून, "बारा लाख धरून चाला," असं सांगितलं. दुसरा 'येतो, येतो' म्हणत महाशिवरात्र उलटवून गेला. सुदर्शन तिसरा. निदान तो गेला तरी.

जाताना त्यानं मला पडद्यावरून सोडवून घेतलं. भर उन्हात मशीनची लाल रेघ दिसत नाही, म्हणून माझी आठवण. मी कसा हरखलो होतो म्हणून सांगू!

तिथं गेल्यावर सुदर्शन शिडीवर चढला, ठोकळा बाहेरून भिंतीच्या माथ्याला लावला आणि मला खाली सोडलं. मी भिंतीवर घासत, रेलत खाली आलो. त्यानं माझी दोरी धरून अंतर मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, भिंत चार बोटं आत झुकलीय. ही कधीबी आत येईल. दुरुस्तीचं काम न्हाई हे, पाडावंच लागंल."

माझं पितळ गार पडलं. कारण अशा भिंती मला ठाऊक होत्या. गेणू मला अशा घरी कधीच नुसता बाहेरून लावत नसे. पण सांगणार कसं? मला दोरी आहे, तोंड नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर खोटं सांगितलं जात होतं, आणि सांगणारा पोरगा प्रामाणिक होता, हेच मोठं दुःख.

पाडकाम, पाया, कॉलम, स्लॅब असं सगळं धरून सुदर्शननं अंदाजपत्रक दिलं: नऊ लाख चाळीस हजार. उज्ज्वलाकडं होते तीन. शेजारच्या जानकूनं असंच जुनं घर पाडलं होतं. तीन वर्षं झाली, त्याचे कॉलम गज वर काढून उभे आहेत आणि घरचे ताडपत्रीखाली. तिथला पाऊस ज्यानं बघितलाय, त्याला ताडपत्री म्हणजे काय ते कळेल.

आठ दिवसांनी उज्ज्वला एसटीनं वारूळवाडीला आली. पिशवीत इसार होता. गळ्यातलं गंठण मोडलं होतं आणि एक म्हैस विकायला काढली होती. सुदर्शन कामावर गेला होता. ठकूबाईनं चहा टाकला. मी परत पडद्याला आणि गेणू दाराशी बाजेवर.

"काय करावं, मामा," उज्ज्वला म्हणाली, "पडवीत रोज माणसं जेवत्यात. कुणाच्या अंगावर भिंत आली तर मी देवाला काय तोंड दाखवू? पण मला एक कळत न्हाई. भिंत झुकली म्हणत्यात, आन् माझं दार तर आजपतुर एकदाबी अडकलं न्हाई. भर पावसात एका बोटानं लागतं."

गेणू चहा पिता पिता थांबला. "काय म्हणालीस? दार अडकत न्हाई? भिंत झुकली की पैली दाराची चौकट आवळती."

"न्हाई वो."

"बाई, ओळंबा बाहेरून लावला व्हता का आतून?"

"बाहेरून. आत कशाला लावतील?"

गेणूनं कप खाली ठेवला, भिंतीला धरून उठला आणि मला पडद्यावरून सोडवलं. "सुदर्शनला फोन लाव," त्यानं ठकूबाईला सांगितलं. "म्हणावं, गाडी घेऊन ये. आन् बाई, त्यो इसार पिशवीतच राहू दे."

सुदर्शन चिडलेलाच आला. "आबा, मी मोजलंय ना सोत्ता." गेणूनं उज्ज्वलाला गाडीत मागं बसवलं आणि स्वतः पुढं बसला. डिंभ्याचं धरण मागं पडलं. मी गेणूच्या मुठीत होतो. तो चुकला असता तर त्याची स्वतःची अब्रू जाणार होती, आणि बरोबर निघाला तर पोराची.

उज्ज्वलाच्या घरात गेल्यावर गेणूनं चूल, मांडणी, धान्याच्या कणग्या ओलांडल्या आणि भिंतीपाशी उभा राहिला. गुडघ्यांमुळं त्याला शिडी चढता येईना. "तूच लाव," तो पोराला म्हणाला. "आतून."

सुदर्शननं मला सोडलं. मी सरसर खाली आलो, दोनदा हेलकावलो आणि थांबलो. भिंतीला जेमतेम शिवून. वरपासून खालपर्यंत चारी भिंतींना तसाच. फक्त मागच्या खचलेल्या कोपऱ्यात लांब राहिलो.

"दगडमातीची भिंत खाली रुंद आन् वर निमुळती बांधत्यात," गेणू हळू म्हणाला. "निमुळती बाहेरून, आतून सरळ. डोंगरातल्या पावसाला असंच लागतं. बाहेरून बघशील तर अख्खी वाडी झुकलेली दिसंल."

सुदर्शन शिडीवरच बसला. "मला कुणी सांगितलंच न्हाई, आबा."

"न्हाई सांगितलं, ती माझी चूक. तुला मी पैल्यापासनं सिमेंटच्या कामावरच नेलं. अशी भिंत तुला दाखवलीच न्हाई."

पोराचे डोळे भरले. तो खाली उतरला आणि उज्ज्वलासमोर जाऊन म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. तुमचं घर पाडायला निघालो व्हतो मी." तिनं नुसतं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग पदरानं डोळे पुसत चुलीपाशी गेली आणि तिघांचं पीठ मळायला घेतलं.

त्याच पडवीत नवा हिशोब झाला. गेणू सांगत गेला, सुदर्शन लिहीत गेला. कोपरा काढून परत बांधायचा, सडके वासे बदलायचे, कौलं चाळायची, आतून मातीचाच गिलावा, पडवीला फरशी. कौलांच्या छपराचं काम करणारा सुतार आता कुठं मिळणार? गेणूनं जुन्नरच्या संपत सुताराला फोन लावला. तो म्हणाला, "प्लायवूडची कपाटं करून जीव विटलाय राव, उद्याच येतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आला. सगळं मिळून दोन लाख सत्तर हजार. म्हैस गोठ्यातच राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम पुरं झालं. पाऊस ऐन भरात असताना सुदर्शननं उज्ज्वलाला फोन केला. "मावशी, भिंत कशीय?"

"भिंतीला काय व्हतंय? पडवीत अठरा पावणं जेवत्यात. तू कधी येतोस जेवायला?"

आता मी सुदर्शनच्या पिशवीत असतो, मशीनच्या शेजारी. जुन्या घरांची कामं त्याच्याकडं लांबून लांबून येतात, आणि माझी दोरी वर्षात दोनदा झिजली. दसऱ्याला पहिलं झेंडूचं फूल त्यानं मला वाहिलं, कुणी न सांगता. ठकूबाईच्या पडद्याला हल्ली नदीतला एक गोटा बांधलेला असतो. त्याचं बरं चाललंय.

माझं आता वय झालं, टोक झिजलं. पण तुम्ही घर दुरुस्तीला काढणार असाल, तर या म्हाताऱ्याचं एक ऐका. फोटोवरून आकडा सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. मी एकटा खरा, असंही धरून चालू नका, मला कुठं टांगलंय यावर माझं खरेपण असतं. आधी घरातल्या बाईला विचारा, दार अडकतंय का. मग मला लावा, आणि आतून लावा.