जावयाचं 'आपण'

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की पेंटरकाका आधी छताचा कोपरा बघायचे, माणसं नंतर. कोपऱ्यात ओल आहे का, रंगाला पापुद्रे सुटलेत का, आधीच्या माणसाने पुट्टी नीट घासलीय की घाईघाईत उरकलंय, हे एकदा कळलं की घरातली माणसं कशी असतील याचा त्यांना अंदाज यायचा. तो निम्म्या वेळा साफ चुकायचा, पण सवय ती सवय. सारा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला होता. बायको गेल्यावर घर खायला उठलं, गुडघ्यांनी शिडीशी वाकडं घेतलं, आणि परदेशात संसार थाटलेली एकुलती एक लेक फोनवर म्हणाली, "बाबा, या ना एकदा. मी कुठे राहते ते बघा तरी."

काका गेले आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. त्या शहरात कोपऱ्यांना तोटा नव्हता, आणि प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी करून ठेवलं होतं. कुठे पान कोरलंय, कुठे पक्षी बसवलाय, कुठे नुसतीच सोनेरी रेघ ओढलीय. पुलांचे कठडे, दारांच्या कड्या, दिव्यांचे खांब, एवढंच काय, गच्चीचं पाणी खाली सोडायच्या पन्हाळीलाही सिंहाचं तोंड. पहिले काही दिवस काकांनी तोंडात घातलेली बोटं बाहेर काढलीच नाहीत. लेकीला मात्र प्रश्नांनी भंडावून सोडलं. एवढ्या उंचावर बांबू कुठे बांधले असतील? हा निळा उन्हाने उडत कसा नाही? वर रंगवलेल्या त्या बाईच्या नाकाला रंगाचा दुसरा हात कोण देतं, आणि किती वर्षांनी?

"बाबा, मला खरंच माहीत नाही," लेक म्हणायची.

"इतकी वर्षं राहतेस आणि विचारलं नाहीस कुणाला?"

एका राजवाड्यात तर नको तेच झालं. दालनाच्या भिंतीवर हिरव्याखाली आणखी एक जुना रंग डोकावत होता. तो कोणता, हे कळल्याशिवाय काकांना चैन पडेना. पहारेकरी धावत आला. लेकीने त्याची दहा वेळा माफी मागितली आणि वडिलांना बाजूला ओढलं.

"बाबा, इथे हात लावायचा नसतो."

"हात कुठे लावला? नख लावलं."

"काय मिळालं मग?"

"करडा," काका समाधानाने म्हणाले. "आधी सगळं करडं होतं."

पण पुढे पुढे त्यांची मान धरली, आणि मानेबरोबर मनही. शहर सुंदर होतं यात वाद नाही, फक्त ते सुंदर असणं कुठे थांबतच नव्हतं. एक कमान संपली की दुसरी हजर. डोळे टेकायला जागा म्हणून मिळत नव्हती. खाली बघावं तर फरशीवरही नक्षी. शहर अंगावर येतं म्हणजे काय, ते काकांना पहिल्यांदा कळलं. तिकडे ओळखीचे सगळे म्हणत होते की काय नशीब काढलंस, आणि इथे हा माणूस एका साध्या भिंतीसाठी आसुसला होता. शेवटी ती त्यांना सापडली. लेकीच्या घरामागच्या गल्लीत पावाच्या भट्टीची पाठची बाजू होती, पिवळट, दोन ठिकाणी डागडुजी केलेली, नळाखाली ओल धरलेली. समोर बाकडंही होतं. काका रोज दुपारी तिथे जाऊन बसायला लागले. ओल बघून त्यांना घरच्यासारखं वाटायचं.

तिथे बसून ते विचार करायचे तो एवढाच, की इथली माणसं राहतात कशी? त्यांना हे दिसतं तरी का? मोठ्या चौकात त्यांनी एक बाई पाहिली होती. ती घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्याला टेकून मोज्याला भोक कुठे पडलंय ते शोधत होती. राजाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. काकांना ती बाई राजापेक्षा जास्त आवडली.

"तुला दिसतं का गं हे सगळं अजून?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीने जरा विचार केला. "पाहुणे आले की दिसतं."

हे उत्तर काकांना पटलं, पण त्यातला एक शब्द उगाच थोडा टोचला.

आता जावयाबद्दल. जावई उंच, दाढीवाला, पुलांची देखभाल करणाऱ्या खात्यात नोकरीला, आणि स्वभावाने गरीब गाय. बायकोवर त्याचं इतकं प्रेम, की हौसेने तिची भाषा शिकला. पण शिकवायला ती एकटीच. दुसरं मराठी माणूस औषधालाही नाही. त्यामुळे तो तिच्यासारखंच बोलायचा. "बाबा, मी दमले," असं तो भरघोस दाढीतून म्हणायचा. "तुम्ही बसा. भांडी मी घासते." पहिल्या दिवशी काकांना हसता हसता ठसका लागला. पुढे पुढे त्यांच्या कानाला त्याची सवय झाली, आणि मग ते आवडायलाही लागलं. लेकीने त्याला सुधारायचे प्रयत्न केव्हाच सोडून दिले होते.

तर हा जावई एका संध्याकाळी, लेक दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत असताना, पाव कापता कापता म्हणाला, "बाबा, आनंदाची गोष्ट. आपण नवीन घर घेतलं. नदीकडे. उन्हाळा संपला की आपण तिकडे राहायला जाणार. मागे एक शांत खोली आहे. आपल्याला तशी पाहिजेच होती."

काकांचा घास हातातच राहिला.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. 'आम्ही घर घेतलं' म्हणजे त्यांनी घेतलं. तुम्ही अभिनंदन करा आणि आपल्या घरी जा. 'आपण घर घेतलं' म्हणजे त्यात तुमचीही खाट आहे. आणि काकांचं परतीचं विमान तर उन्हाळा संपायच्या आत होतं. लेक स्वतः काही बोलली नाही, त्याचंही उत्तर काकांनी स्वतःच शोधून काढलं. लहानपणीही सहलीला जायचं असलं की ही पोरगी बापाला थेट विचारायची नाही, आईला पुढे करायची. आता आई नाही, तर नवऱ्याला पुढे केलं असेल.

त्या दिवसापासून काकांचा जीव टांगणीला लागला. आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? म्हातारपणी पोरांनी आपणहून जवळ ठेवून घ्यायचं, यासाठी लोक नवस बोलतात. पण मग आपलं घर, आपली शिडी, सकाळी हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर बसून प्यायलेला चहा, जाता-येता "काय पेंटर" म्हणणारी माणसं? आणि इथे हे सुंदर शहर, रोज, मरेपर्यंत? त्यांनी थोरल्या बहिणीला फोन केला. आक्का त्यांच्याच गल्लीत राहायची.

"मला इथेच राहा म्हणतायत."

"कोण, जावई?"

"हो."

आक्काने आधी हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "राहा की मग. इथे काय ठेवलंय? मी आहे म्हणा, पण माझं काय, मी कुठे पळून जातेय?" संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. हार्डवेअरवाल्याने काकांची रंगाच्या डब्यांची खोली भाड्याने मिळेल का, हेही विचारून घेतलं.

मग काकांनी शहराची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पाहुणा म्हणून बघणं वेगळं आणि राहायचं म्हणून बघणं वेगळं, हे रंगाऱ्याला कुणी शिकवायला नको. दुकानातल्या कार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग कधी एक असतो का? ते एकटेच बाहेर पडू लागले. पावाच्या दुकानात बोटाने दाखवून पाव घेतला. न्हाव्याकडे गेले आणि भलतेच बारीक केस कापून आले. एक कुत्रा ओळखीचा झाला. रंगाचं दुकान दिसलं तसे आत शिरले आणि ब्रशांचे केस चाचपत बसले. दुकानदाराने दोन डबे उघडून दाखवले. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी दोघांनी मिळून एका डब्याला नाकं मुरडली.

आणि एका सकाळी, पाव घेऊन घराच्या दाराशी आल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपण मोठा चौक ओलांडून आलो आणि वर बघितलंच नाही. घोडा, राजा, सोनेरी घुमट, सगळं होतं तिथेच. काका मात्र पाव गरम आहे की नाही एवढंच चाचपत आले होते. पायरीवर उभं राहून त्यांना जरा भीती वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. मोज्यातलं भोक शोधणाऱ्या बाईसारखं आपल्यालाही जमतंय की, असं त्यांच्या मनात आलं. तिथेच त्यांनी ठरवून टाकलं. राहायचं.

दोन-तीन दिवसांनी तिघे मिळून नवीन घर बघायला गेले. रिकामं घर, बंद खिडक्यांचा कोंदट वास, जुन्या मालकाच्या तसबिरींचे भिंतींवर राहिलेले चौकोन. काकांनी आधी छताचे कोपरे बघितले आणि मान डोलावली. मागची खोली लहानशी होती. खिडकीतून शेजारच्या घराची बाजूची भिंत दिसत होती, कोरी करकरीत, एक पान नाही की पक्षी नाही. काका तिच्याकडे बघतच राहिले. पोरांनी आपल्याला इतकं ओळखलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बाबा," जावई म्हणाला, "इथे आपण कोणता रंग लावू?"

"फार पांढरा नको. जरा सायीकडे झुकणारा घेऊ. पुट्टीचे दोन हात, घासून काढायचं, मग रंग. आणि खाट अशी टाकू, खिडकीकडे पाय करून. उठल्या उठल्या ती भिंत दिसली पाहिजे."

"कुणाची खाट?" लेकीने विचारलं.

"माझी."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आनंदात होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. तिचा चेहरा बघून काकांच्या पायाखालची जमीन सरकली.

"ही खोली त्याच्या कामासाठी आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. "नकाशे पसरायला. कुणी सांगितलं तुम्हाला..."

"तोच म्हणाला. आपण घर घेतलं, आपण राहायला जाणार."

लेकीने कपाळाला हात लावला. "त्याला 'आम्ही' येतच नाही, बाबा. त्याने तो शब्द कधी ऐकलेलाच नाही. तुम्हाला फोन करते तेव्हाही मी कामावर चालत जात असते, तो ऐकायला नसतो. घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. 'आम्ही' म्हणायला समोर कुणीतरी बाहेरचं लागतं. आमच्याकडे असं कुणी कधी आलंच नाही." ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिला उशिरा कळलं. "तुमच्याआधी," असं म्हणून तिने मान खाली घातली.

काकांना लाज वाटली. हवेत इमले बांधले ते बांधले, वर गल्लीभर सांगूनही ठेवलं. वाईटही वाटलं. आणि त्याखाली, भिंतीवर नख लावल्यावर दिसावा तसा, सुटकेचाही एक थर होता. त्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"पण तुम्ही राहा ना," लेक घाईने म्हणाली. "खरंच राहा. त्याचे नकाशे काय, बाहेरच्या खोलीतही मावतील. मी मनापासून म्हणतेय."

"मनापासूनच म्हणतेयस," काका म्हणाले. "फक्त आत्ता सुचलंय तुला."

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, आणि लेकीलाही ते कळलं. रंग वाळल्यावर मागाहून ब्रश फिरवला तर तेवढा डाग वेगळा दिसतो. कितीही चांगला रंग असो, दिसतोच. लेक रंगाऱ्याची होती, तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले.

जावई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. "काय झालं?" तो म्हणाला. "मी काय चुकले?"

लेकीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळली. "अरे, हे बघ. 'आपण' कधी म्हणायचं आणि..."

"राहू दे गं," काका तिला थांबवत म्हणाले. "नको शिकवूस त्याला."

"अहो, पण तो असंच बोलत राहील."

"बोलू दे," काका म्हणाले. "मला 'आपण'मध्ये धरणारा इथे तो एकटाच आहे."